माळकऱ्याच्या गळ्यातले पोवळे

गेल्या आषाढीच्या वाटेवर, नातेपुत्याच्या मुक्कामी, आमच्या हातून एक चूक घडली. ती चारचौघांत सांगावी की पोटात ठेवावी याचा आम्ही बरेच दिवस विचार करीत होतो. पण त्या रात्री आम्हांस जो प्रश्न विचारला गेला तो एकट्या त्या माउलीचा नव्हे. पुष्कळ माळकऱ्यांच्या घरी तो गळ्यात बांधलेला आहे, फक्त त्याकडे कुणी निरखून पाहिलेले नाही. म्हणून सांगतो.

कीर्तन आटोपले होते, पथाऱ्या पडू लागल्या होत्या. आमच्याच दिंडीतली एक वृद्ध बाई, सोलापूरकडची, राहुटीच्या तोंडाशी येऊन बसली. पदराखालून तिने मंगळसूत्र पुढे ओढले. सोन्याच्या दोन वाट्या, काळे मणी, आणि वाट्यांच्या दोन्ही अंगांना एकेक पोवळे, तुरीच्या दाण्याएवढे, घासून घासून गुळगुळीत झालेले. म्हणाली,

"बुवा, ह्ये पवळं दगुड हाय का जीव?"

आम्ही म्हणालो, "माउली, नवरत्नांतले रत्न ते. हिरा, माणिक, पाचू, तसेच पोवळे. दगडाला कसला आलाय जीव?"

"न्हाई, नात म्हनती, आज्जे, ह्यो समुद्रातला जीव हाय, तोडून आनत्यात. चाळीस वर्सं झाली माळ घालून. अंड्याला शिवले न्हाई की मासळीला शिवले न्हाई. आन् ह्या तुळशीच्या माळंशेजारी जीव बांधून हिंडतीया म्हना की मी!"

आम्ही हसलो. "शिकलेल्या पोरी काहीबाही बोलतात, तुम्ही नामाकडे लक्ष द्या," असे म्हणून तिची बोळवण केली. ती उठून गेली. पण जाताना तिने मंगळसूत्र पदराखाली घातले नाही, मुठीत धरून नेले. ती मूठ आमच्या डोळ्यांपुढून हलेना.

दुसऱ्या दिवशी चालता चालता तिच्या गावच्या माणसाकडून घरचे सगळे कळले. नातीचे लग्न जमवायचे चालले आहे. पत्रिकेत मंगळ आहे. कुणी जाणत्याने सांगितले की मुलीच्या अनामिकेत सात रत्तीचे अस्सल पोवळे घाला, मंगळवारी, म्हणजे वाट मोकळी होईल. मुलीचा बाप पतपेढीचे कर्ज काढायला निघाला. मुलगी म्हणते, मी घालणार नाही. कर्जही नको आणि जीवही नको. घरात बोलणे बंद आहे. म्हातारी ते भांडण पाठीशी बांधून वारीला आली होती, आणि आम्ही तिला हसून वाटेला लावले.

पंढरीहून परतल्यावर आमच्या स्नेह्यांपैकी प्राणिशास्त्राच्या एका प्राध्यापकांस पत्र टाकले. त्यांचे उत्तर आले. त्याचा पहिला मजकूर असा होता, की नात बरोबर आहे आणि बुवा चुकले. पुढची पाने भरून माहिती होती. तीही आम्ही मन लावून वाचली आणि आणखी काही पुस्तके मिळवून पडताळली.

दागिन्यातले अस्सल तांबडे पोवळे मुख्यतः भूमध्य समुद्रातले. इटली, फ्रान्स, स्पेन, आणि पलीकडच्या अंगाला अल्जीरिया, ट्युनिशिया, यांच्या किनाऱ्यांलगत पाण्याखालच्या खडकांत, कपारींत, जिथे उजेड थोडा पोचतो तिथे ते वाढते. दिसायला पाने झडलेल्या लहानशा तांबड्या झुडपासारखे. पण ते झुडूप नव्हे. त्याच्या फांदी-फांदीवर बारीक बारीक जीव वस्ती करून असतात. प्रत्येकाला आठ पांढरे हात. ते हात पसरून वाहत्या पाण्यातले अन्नाचे कण टिपायचे आणि धक्का लागला की अंग आत ओढून घ्यायचे, हा त्यांचा दिनक्रम. या सगळ्यांच्या अंगावरची कातडी एकच आणि आतले अन्नाचे पाटही एकमेकांस जोडलेले, म्हणजे एकाने खाल्ले ते शेजाऱ्यालाही पोचते. आमच्याकडे पंगतीत एवढा मेळ असता तर वाढप्यांची भांडणे मिटली असती!

तर हे सारे मिळून आपल्या आधारासाठी आतून एक कणा उभारतात. तो चुनखडीच्या जातीचा असतो. त्याला तांबडा रंग येतो तो गाजराला रंग देणाऱ्या द्रव्याच्या कुळातल्या एका द्रव्याने. आपण ज्याला पोवळे म्हणतो ते हे हाड. फांदी पाण्याबाहेर आली की वरची जिवंत कातडी मरते, ती खरवडून काढतात, हाड कापतात, घासतात, मणी पाडतात.

आणि हे हाड वाढते किती? जाडीने वर्षाला पाव मिलिमीटरच्या आसपास. एवढेच. आम्ही हा आकडा वाचला आणि पुस्तक मिटून बसलो. त्या म्हातारीच्या गळ्यातला तुरीएवढा एकेक मणी म्हणजे वीस-बावीस वर्षांची वाढ. नातीसाठी जे सात रत्तीचे पोवळे घ्यायचे घाटत होते त्याला बोटभर जाडीची फांदी लागते, म्हणजे कमीतकमी चाळीस वर्षे. म्हातारीने माळ घातली त्या वर्षी खडकावर रुजलेला तो जीव आज कुठे अंगठीजोगा झाला असता.

आम्ही चुकलो हे कबूल. पण चुकणारे आम्ही पहिले नव्हेत, हे वाचून थोडे बरे वाटले. युरोपातही शेकडो वर्षे लोक पोवळ्याला वनस्पती मानीत होते, पाण्यात मऊ असते आणि वारा लागला की दगड होते, अशी समजूत होती. 1706 साली मार्सिली नावाच्या एका इटालियन सरदाराने ताज्या पोवळ्याच्या फांद्या समुद्राच्या पाण्यात घालून ठेवल्या, तर त्यांवर पांढरी, आठ पाकळ्यांची फुले उमललेली दिसली. त्याला मोठा आनंद झाला, की पोवळ्याची फुले सापडली! पुढे वीस वर्षांच्या आत मार्सेय शहरच्या पेसोनेल नावाच्या वैद्याने तीच फुले नीट न्याहाळली आणि सांगितले की ही फुले नव्हेत, हे प्राणी आहेत. पॅरिसच्या विद्वत्सभेत हे इतके वेडगळ वाटले, की रेओम्यूर या थोर पंडिताने ते मत सभेपुढे ठेवताना पेसोनेलचे नावच घेतले नाही. बिचाऱ्याचे हसे होऊ नये म्हणून. पुढे तो वैद्य वेस्ट इंडीज बेटांत गेला, 1750 च्या सुमारास त्याने आपला ग्रंथ लंडनच्या रॉयल सोसायटीकडे धाडला, आणि हळूहळू पंडितांना मान्य करावे लागले. नातीला जसे आम्ही हसलो तसेच त्याला पॅरिसकर हसले. फरक इतकाच, की आमच्यापाशी विद्वत्तेचा आधार नव्हता, नुसता वडीलकीचा होता.

आता पोवळे जीव आहे एवढे ठरले. मग झाले का? माळकऱ्याने ते काढून टाकावे, प्रश्न मिटला?

इतके सोपे असते तर आम्ही हा लेख लिहिला नसता. कारण याच न्यायाने पुढे चालले तर आधी आमच्या मृदंगाकडे यावे लागेल. मृदंगाच्या दोन्ही तोंडांना काय ताणलेले असते? कातडे. त्या कातड्यावर थाप पडल्यावाचून आमचे भजन उभे राहत नाही. देवपूजेला बसताना रेशमी कद नेसतात आणि त्याला सोवळे म्हणतात. रेशमासाठी कोश उकळत्या पाण्यात टाकतात, आतल्या किड्यासकट. देवापुढचा शंखदेखील कुणाचे तरी घर होता. पायांतल्या चपला तर सोडूनच द्या. जिवाच्या अंगाचे काही शिवायचेच नाही असे म्हणणारा माळकरी शोधायला गेलो तर दिंडीत एकही सापडायचा नाही, आम्ही तर नाहीच.

तेव्हा नुसता "जीव आहे" हा शब्द पुरत नाही. आमच्या मते पाहायचे ते दुसरेच. तो जीव कशासाठी गेला? मृदंगाचे कातडे ज्या बकऱ्याचे, तो बकरा मृदंगासाठी कापलेला नसतो. तो खाणाऱ्यासाठी कापला, कातडे उरले, ते मृदंग करणाऱ्याने घेतले. यातही आपला वाटा नाही असे आम्ही म्हणत नाही, पण तो वाटा लहान आहे. पोवळे मात्र कुणी खात नाही. औषधात प्रवाळाचे भस्म व पिष्टी पडते, त्याचा विचार वैद्यांनी करावा. तो भाग आम्ही बाजूला ठेवतो. दागिन्याचे पोवळे तोडले जाते ते केवळ घालणाऱ्यासाठी. तिथे दुसऱ्या कुणाच्या नावावर तो हिशेब टाकता येत नाही. सोनाराच्या दुकानात पैसे मोजणारा हात हाच त्या समुद्रतळाशी फांदीला लागलेला हात.

रेशमाचे उत्तर आम्हांस देता येत नाही. रेशीमही नेसणाऱ्यासाठीच होते. एवढेच म्हणता येईल, की रेशमाचा किडा महिन्याभरात मोठा होतो आणि माणूस तो पाळून पुन्हा वाढवतो. पोवळे कुणी पेरीत नाही. तोडणारा एका झटक्यात तोडतो, आणि तेवढे परत वाढायला त्याचा मुलगा म्हातारा व्हावा लागतो. हे उत्तर पुरे नाही, ते आम्हांस ठाऊक आहे. आमच्या घरात एक कद आहे, तो आम्ही हल्ली नेसत नाही. पण टाकूनही दिलेला नाही.

कुणी म्हणेल, हे इटलीचे आणि ट्युनिशियाचे पाप आमच्या माथी कशाला? तिकडच्यांनी तोडले, तिकडच्यांनी विकले. येथे आम्ही वाचकांना एक गोष्ट सांगतो, ती वाचून आम्ही स्वतः खजील झालो. इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोममध्ये प्लिनी नावाचा ग्रंथकार होता. त्याने लिहून ठेवले आहे, की रोमच्या लोकांना हिंदुस्थानच्या मोत्यांचे जेवढे मोल तेवढेच हिंदुस्थानच्या लोकांना पोवळ्याचे. तिथले भविष्यवेत्ते ते अंगावर बाळगल्याने संकट टळते असे मानतात. आणि या मागणीमुळे पोवळे जिथे निघते तिथेच ते दिसेनासे झाले आहे. म्हणजे जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वी आपल्या हौसेने आणि आपल्या मंगळाच्या भीतीसारख्याच भीतीने त्यांचा समुद्र रिता व्हायला लागला होता. त्याच सुमारास एका ग्रीक दर्यावर्दीने हिंदुस्थानच्या बंदरांचे टिपण केले, त्यात भडोचला उतरणाऱ्या मालात पोवळे आहे.

पुढे सतराव्या-अठराव्या शतकांत इटलीतल्या लिव्होर्नो बंदरातले यहुदी व्यापारी पोवळे लिस्बनमार्गे गोव्याला पाठवीत. गोव्यातले सारस्वत व्यापारी ते घेत आणि त्याच्या बदली हिरे पाठवीत. एकमेकांचे तोंडही न पाहिलेली ही माणसे पत्रांवर विश्वास ठेवून व्यापार करीत, हे त्यांचे कौतुकच. पण विचार करावा, की गोळकोंड्याकडच्या खाणींतला हिरा देऊन आम्ही समुद्रातले हाड घेत होतो, आणि सौदा बरा झाला म्हणत होतो. त्या म्हातारीच्या गळ्यातले दोन मणी कुठून आले कोण सांगणार? तिच्या आजेसासूने ते घातले होते म्हणतात. असेच कुठल्या तरी गलबतातून आलेले असणार.

वेसुव्हियस या ज्वालामुखीच्या पायथ्याशी तोर्रे देल ग्रेको नावाचे गाव आहे. प्लिनी ज्या 79 सालच्या स्फोटात मेला तोच हा डोंगर. पोवळे घडवण्यात या गावाचे नाव जगभर आहे. 1805 च्या सुमारास तिथे पहिला कारखाना निघाला, 1878 साली पोवळ्याच्या कारागिरीची शाळा निघाली. पूर्वी या गावचे कोळी वसंत ऋतूत गलबते घेऊन आफ्रिकेच्या किनाऱ्याला जात आणि थंडीच्या तोंडाशी परतत. दोन जाड लाकडांची फुली, तिला वजनाला दगड, आणि टोकांना जाळ्यांचे झुबके. हे समुद्रतळावरून ओढीत न्यायचे. जे जाळ्यात अडकेल ते वर यायचे, आणि जे मोडेल पण अडकणार नाही ते तसेच तळाला पडायचे. एका मण्यासाठी किती मोडले याची मोजदाद कुणी ठेवली नाही. आमच्याकडे आंबा उतरवायला झेला असतो. झाडच हलवून आंबे पाडणाऱ्याला शेतकरी शिव्या देतो. तिथे मात्र शेकडो वर्षे झाडच हलवले. 1994 साली युरोपच्या देशांनी त्या फुलीवर बंदी घातली. आता पाणबुड्याने स्वतः खाली जाऊन हातोडीने फांदी तोडायची; 50 मीटरपेक्षा उथळ पाण्यातले तोडायचे नाही; आणि बुंध्याशी 7 मिलिमीटरपेक्षा बारीक असलेले तोडायचे नाही, असे भूमध्य समुद्राकाठच्या देशांनी 2011 आणि 2012 साली ठरवले. उथळ पाण्यातले मोठे पोवळे पूर्वीच संपत आलेले, म्हणून हे पाणबुडे 80-100 मीटर खोल जातात. एवढ्या खोलीवरून वर येताना घाई झाली तर रक्तात वायूचे बुडबुडे होऊन माणूस लुळा पडतो किंवा मरतो. या धंद्यात अनेक पाणबुडे असे गेले आहेत. म्हणजे नातीने एकाच जिवाची गोष्ट काढली होती, पण पोवळ्यामागे माणसाचाही जीव लागलेला असतो.

2007 साली आणि पुन्हा 2010 साली, रानटी प्राणी-वनस्पतींच्या व्यापाराचे नियम करणाऱ्या जागतिक परिषदेत तांबड्या पोवळ्यावर निर्बंध घालावे असा ठराव आला होता. दोन्ही वेळा तो पडला. ज्यांचे पोट त्यावर आहे त्यांचे म्हणणे असे, की आमच्या गावातली हजारो घरे यावर जगतात, आम्ही नियम पाळतो. त्यांचे म्हणणे आम्ही उडवून लावीत नाही. ज्या संप्रदायात नरहरी सोनारांसारखा संत झाला त्याने सोनाराच्या, कारागिराच्या पोटाकडे पाठ करू नये. आपल्या मालवणच्या समुद्रातही सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास प्रवाळ आहे. त्याची जात निराळी, त्याचा दागिना होत नाही, आणि 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ते तोडायला आज मनाई आहे. आपल्या दारचे राखायचे आणि परक्याचे विकत आणायचे, ही रीत आम्हांस फारशी बरी दिसत नाही.

एक प्रकरण मात्र असे घडले, की ते वाचून आमच्या हिशेबात गोंधळ झाला. 1875 ते 1880 या काळात सिसिली बेटाच्या शाक्का गावासमोर समुद्रतळाशी पोवळ्याचे मोठमोठे ढीग सापडले. ते जिवंत नव्हते. हजारो वर्षांपूर्वी आपोआप मेलेले, गाळात गाडलेले. रंग उतरून नारिंगी झालेला. शेकडो गलबते धावली. इतका माल आला की पोवळ्याचा भाव कोसळला आणि पुष्कळ लोक धुळीला मिळाले. आता या पोवळ्यात हत्या नाही. कुणाला पाप नको आणि पोवळे हवे असेल तर त्याने शाक्काचे जुने पोवळे शोधावे, असे आम्ही म्हणणार होतो. पण मग मनात आले, की ते घातलेले पाहून शेजारीण तांबडे मागेल, तेव्हा तिला कोण समजावीत बसणार, की माझे मेलेले होते, तू जिवंत मागू नकोस?

राहता राहिला मंगळ. याविषयी आमच्या वाचकांत दोन मते आहेत हे आम्ही जाणतो. रत्नशास्त्रात मंगळाचे रत्न पोवळे हे सांगितलेले आहे, ते आम्ही नाकारीत नाही. पण पाहा. बाजारात काच रंगवून, प्लास्टिक रंगवून, किंवा बांबूसारखी पेरे असलेले दुसऱ्या जातीचे हलके प्रवाळ तांबडे रंगवून पोवळे म्हणून सर्रास विकतात. साध्या माणसाला ओळखता येत नाही. समजा, त्या बापाने कर्ज काढून असे खोटे पोवळे आणले, आणि लग्न जमले. तर मंगळ कशाने शांत झाला? आणि खरे आणले व लग्न जमले नाही, तर बाप कुणाला जाब विचारणार? भीती बापाची, ती आम्ही समजतो. मुलीच्या बापाला रात्री झोप नसते. पण त्या भीतीला चाळीस वर्षांचा जीव आणि पाच वर्षांचे हप्ते देऊन ती जाते, असे आम्ही तरी कुठे पाहिले नाही. ती पुढच्या पत्रिकेत पुन्हा येते. ज्या गळ्यात तुळशीची माळ आहे त्याच्या बोटाला आणखी संरक्षण लागते असे वाटणे, हे माळेवर विश्वास कमी पडल्याचे लक्षण आहे, असे कुणी म्हटले तर आम्ही त्याच्याशी भांडणार नाही. पण त्या बापाच्या तोंडावर हे म्हणण्याची आमची छातीही नाही. आम्हांस मुलगी नाही.

तुळशीच्या माळेचे इतकेच सांगतो. पंढरपुरातले काशीकापडी समाजाचे लोक वाळलेल्या तुळशीच्या काष्ठाचे मणी करतात. तुळस पेरली की वर्षाच्या आत काष्ठ होते, आणि वाळली तरी मंजिऱ्यांतून पुन्हा उगवते. चार पैशांची वस्तू, तुटली तर दुसरी.

मग जुन्या पोवळ्याचे काय? म्हातारीचा खरा प्रश्न हाच होता, हे आम्हांस फार उशिरा कळले. ती नवे मागत नव्हती. सासूने गळ्यात बांधलेले, नवरा हयात असलेले मंगळसूत्र. त्यातून मणी उपटायचा म्हणजे हात धजायचा कसा? आमचे मत असे झाले, की जे गेले ते काढून टाकल्याने परत येत नाही. चंद्रभागेत सोडले तरी त्या हाडावर कातडी पुन्हा धरायची नाही. उलट जुने टाकले की लेकीसुनेसाठी नवे घ्यावे लागते. जुने जपावे, एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात द्यावे, तुटले तर ओवून घ्यावे, लिंबाचा किंवा आंबटाचा हात लागू देऊ नये, कारण आंबटाने ते झिजते. पण नवे एकही घेऊ नये. अजाणता घेतले त्याला दोष नाही, आता जाणून घेणे निराळे. हे आम्ही एका कागदावर नीट लिहिले आणि त्या माउलीला द्यायचे ठरवले. आम्हांस वाटले, उत्तर सापडले.

कार्तिकीला वाळवंटात तिची गाठ पडली. सोबत नात होती. सडसडीत, बोलण्यात जपून, पाया पडली. आम्ही आधी चूक कबूल केली. म्हातारी म्हणाली, "त्ये ऱ्हाऊ द्या बुवा, मानूस चुकायचाच." लग्न अजून जमलेले नव्हते. बापाने कर्ज काढले नव्हते, पण तो लेकीशी बोलतही नव्हता.

आम्ही आमचे उत्तर सांगितले, की जुनी दोन पोवळी नातीच्या मंगळसूत्रात घाला, नवे घेऊ नका. म्हातारीचा चेहरा उजळला. तिने नातीकडे पाहिले. नात म्हणाली,

"महाराज, आजीनं घातलं ते ठीक आहे. तिला ठाऊक नव्हतं. मला ठाऊक आहे ना. मी घातलं तर माझ्या मुलीला काय सांगू?"

आमच्या हातातला कागद आम्ही घडी करून खिशात घातला. जुने आणि नवे एवढाच भेद आम्ही केला होता. जाणणाऱ्याच्या गळ्यात जुनेही नवेच होते, हे त्या मुलीने एका वाक्यात दाखवले. त्यावर आमच्याकडे शब्द नव्हता, अजूनही नाही.

म्हातारी थोडा वेळ वाळूत बोट फिरवीत बसली. मग तिने मंगळसूत्र पदराखाली घातले, नीट, पहिल्यासारखे.

"मग माझ्या माघारी सोनं तेवढं काढून घे गं," ती नातीला म्हणाली, "पवळं ऱ्हाऊ दे माज्यासंगं."

नातीने तिला हाताला धरून उठवले, आणि दोघी दर्शनाच्या बारीकडे गेल्या.